जोड पक्का, पण सुटणारा

घरातल्या टाकाऊ वस्तू घेऊन मुलांबरोबर बसायचं ठरवलंस, छान केलंस. विचारलं आहेस म्हणून सांगते, आणि पहिलंच सांगणं तुला उलटं वाटेल: वस्तू साठवणं थांबव. बाटल्या, डबे, खोकी, झाकणं बाल्कनीत जमत गेली की मुलं दोन दिवस त्यात रमतात आणि मग त्या ढिगाकडे ढुंकूनही बघत नाहीत. वस्तूंना कुठल्याच घरात तोटा नाही. मुलांना येत नसतं ते जोडणं. खोक्याला दार कसं बसवायचं, काडीवर चाक फिरतं कसं ठेवायचं, कापडाला कापड कसं धरवायचं, हे एकदा हाताला कळलं की मूल पुढचं आपण होऊन करतं. ते कळलं नाही की 'आई, चिकटव ना' करत तुझ्याकडे येतं, तू ती झटपट चिकटणारी ट्यूब काढतेस, आणि बघता बघता सगळं काम तुझं होऊन बसतं.

आमच्या आईचं म्हणणं असायचं, की जोड पक्का हवा, पण सोडवता आला पाहिजे. तिच्या गोधड्या साध्या धावदोऱ्याच्या. दोरा ओढला की लुगड्याचा तुकडा पुन्हा मोकळा, दुसरीकडे लावायला तयार. मी मुलांना आणि पुढे नातवंडांना जे शिकवलं ते याच धाग्यानं गेलं. तुलाही तेच देते आहे.

आपल्या बंगळुरात तर या सांगण्याला आणखी एक कारण आहे. 2012 साली मावळ्ळीपुऱ्याच्या गावकऱ्यांनी आपल्या दारात शहराचा कचरा नको म्हणून सांगितलं, तिथलं कचरामैदान बंद झालं आणि शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. त्याच वर्षी घरातच कचरा वेगळा करायचा नियम आला, आणि 2015 च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयानं दोन डबे आणि एक पिशवी अशी पद्धत घालून दिली: हिरव्यात ओला, लालमध्ये सॅनिटरी आणि तसला, पिशवीत सुका. तुझी मुलं आता 'हसि कस, ओण कस' आपल्याआधी ओळखतात. पण सुक्या कचऱ्याच्या केंद्रात पुढे काय होतं ते त्यांना सांग. तिथं माणसं हातानं पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, पत्रा वेगळा करतात, आणि ज्याचा त्याचा भाव येतो. आता पुठ्ठ्यावर थर्माकोल, त्यावर प्लॅस्टिकची झाकणं, वर चमकी, आणि सगळं गरम गोंदानं घट्ट केलेलं, असा रोबो त्यांच्या हातात गेला तर त्याचं ते काय करणार? तो कुठल्याच ढिगात बसत नाही. वेगवेगळे असताना पुठ्ठा आणि झाकण दोन्ही पुन्हा कामाचे होते, आपण हौसेनं त्यांचा खरा कचरा केला. शाळांच्या प्रदर्शनात 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली हे सर्रास होतं, आणि मला ते मनापासून वाईट वाटतं. म्हणून गरम गोंद, चमकी आणि थर्माकोल घरात आणूच नकोस. खळ, दोरा, खाच, गाठ आणि काडी, एवढ्यावर सगळं भागतं.

साठवायला एक खोकं ठेव. एकच. ते भरलं की नवीन वस्तू आत जाताना जुनी बाहेर, आणि कुठली बाहेर जाणार ते मुलांनी ठरवायचं. माझ्या खोक्यात कायम असतात त्या वस्तू सांगते: धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, उदबत्तीच्या पुड्यांचे पुठ्ठे आणि जळून उरलेल्या काड्या, आईस्क्रीमच्या चपट्या काड्या, झाकणं, जुन्या सुती साडीचे आणि धोतराचे तुकडे, नाडे, बटणं, पोफळीच्या विरीच्या ताटल्या. या ताटल्या इथं लग्नामुंजीत, देवळाच्या प्रसादाला सगळीकडे असतात. कोरडं खाल्लेली ताटली पुसून उन्हात टाकली की कितीतरी दिवस टिकते. ओली केली की वाकते, वाळली की त्याच आकारात कडक होते. मुखवट्यासाठी मला याहून चांगली वस्तू माहीत नाही. डोळ्यांची भोकं मात्र ओली असतानाच पाड, वाळल्यावर ती चिरते.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नकोस. नुसती चीर दे, टोक पिशवीलाच राहू दे. तो नखाएवढा तुकडा केंद्रात कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी पूर्ण उघडून, भांडी धुतल्यावरच्या शेवटच्या पाण्यात खंगाळून दोरीवर टाकायची. दुधाचा वास राहिला तर मुंग्या येतात आणि मुलं हात लावत नाहीत.

आता पुठ्ठ्याचं. या शहरात पुठ्ठ्याला काय तोटा! दारात रोज एक खोकं येतं. ते फाडण्याआधी मुलांना कडेनं आत बघायला लाव. दोन सपाट कागद आणि मधे लाटांचा कागद दिसेल. त्या लाटांच्या नळ्या ज्या दिशेनं जातात, त्या दिशेनं पुठ्ठा सहज दुमडतो. आडवा दुमडायला गेलीस तर मोडतो आणि चुरमडतो. भिंत उभी करायची असेल तर नळ्या उभ्या ठेव, वजन पेलते. एवढं एक कळलं की मुलांची अर्धी चिडचिड संपते. दुमड हवी तिथं शाई संपलेल्या पेनानं पट्टीच्या कडेनं रेघ दाबून ओढायची, मग वाकवायचं. कात्रीची धार लावू नये, कागद फाटतो.

त्या नळ्यांचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. उदबत्तीची काडी नळीतून आरपार जाते आणि आत मोकळी फिरते. झाला गाडीचा आस. दोन्ही टोकांना झाकणांची चाकं. झाकणाला भोक तू पाडायचंस, दाभण तापवून, खिडकीशी उभी राहून, मुलं लांब असताना. चाक निसटू नये म्हणून काडीच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा नखभर तुकडा चढवायचा. ही व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. तिची खरी करामत अरविंद गुप्तांनी दाखवली. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस पुण्याला टेल्कोत होता, 1978 साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला, आणि तिथं त्यांनी आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घरं, मनोरे करायला मुलांना शिकवलं. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्यूबचा जोड वाकतो, फिरतो, हवा तेव्हा ओढून काढता येतो. चौकोन केला की तो हलतो, त्रिकोण हलत नाही, हे मुलाला बोटांनीच कळतं. कोणी सांगावं लागत नाही. तू आगकाड्यांऐवजी जळक्या टोकाचा भाग कापलेल्या उदबत्तीच्या काड्या दे.

खाचेचा जोड आठ वर्षांच्या मुलाला जमतो. दोन पुठ्ठे एकमेकांत उभे अडकवायचे असतील तर एकाला वरून आणि दुसऱ्याला खालून खाच पाडायची, दोन्ही खाचा उंचीच्या निम्म्या खोल. रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच. रुंद झाली की जोड डुगडुगतो. पुठ्ठ्याचाच तुकडा उभा धरून पेन्सिलीनं जाडी आखून घ्यायला शिकव, पट्टी लागत नाही. तुझ्या धाकटीला खाच जमणार नाही, तिला गाठ शिकव. पुठ्ठ्याला भोकं पाडून नाडी ओवायची आणि साधी गाठ मारायची. चार वर्षांच्या मुलाला गाठ यायला वेळ लागतो, लागू दे. तू सोडवून पुन्हा मारून देऊ नकोस, ढिली राहिली तर राहू दे.

खोक्याचा वरचा कागद काढायचा असेल तर पुठ्ठ्यावर ओलं फडकं थोडा वेळ ठेव. ते आतून स्टार्चच्या खळीनंच चिकटवलेलं असतं, ओलाव्यानं अलगद सुटतं आणि लाटांचा कागद उघडा पडतो. त्यावर गेरू फिरवला की मंगळुरी कौलांचं छप्पर तयार.

खळ घरची कर. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी एका वाटी गार पाण्यात नीट कालव, गुठळी राहता कामा नये. बाकीचं पाणी उकळव, त्यात कालवलेला मैदा ओत आणि ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरव. वर चिमूटभर तुरटी. फ्रिजमध्ये तीनचार दिवस राहते, आंबूस वास आला की टाकून दे. जुने बायंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नाही. लावताना पातळ थर. जाड लावलेली खळ वाळत नाही, आणि आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हवेत इतका ओलावा असतो की वाळली नाही तर बुरशी धरते. लगद्याची, खळीची मोठी कामं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढ. पावसाळ्यात दोरा, खाच आणि कापडकाम.

चिंचोक्याची खळ याहून चिवट. चिंचोके भाजायचे, फोलपटं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. सावंतवाडीची गंजिफा या खळीवर उभी आहे. कापडावर चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन ते कडक करतात, गोल कापतात, रंगवतात, वर लाखेचा हात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून 120. राजवाड्यात सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला पुन्हा उभी केली. आणि इकडे म्हैसुरात मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी स्वतः गंजिफेचे नवे खेळ रचले होते, तेव्हा गंजिफा करताना तुझी मुलं मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरचं काही करत असतील. त्यांना हे जरूर करून दे: धोतराचे दोन तुकडे खळीनं एकावर एक चिकटवायचे, वरूनही खळ चढवायची, वाळली की पुन्हा, असं तीनचार वेळा. सपाट वाळावं म्हणून शेवटी पाटाखाली ठेवायचं. मग गुळगुळीत गोट्यानं घासायचं, लहान वाटी ठेवून गोल आखायचं आणि कापायचं. दहा अवतार काढायलाच हवेत असं नाही. माझ्या नातवंडांच्या गंजिफेत एक रंग बसचा, एक फिल्टर कॉफीच्या टंबलरचा, एक पाऊस पडणाऱ्या ढगाचा. नियम त्यांनीच केले आणि भांडत भांडत बदललेही. हे काम आठवडाभर चालतं, त्यामुळे सुटीत घे.

कागदाचा लगदा करणार असशील तर मेथी विसरू नको. रद्दी रात्रभर भिजवायची, कुटायची, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची. मेथीच्या बुळबुळीतपणानं लगदा धरतो आणि किडे लांब राहतात. आपल्याकडे बायका पालथ्या भांड्यावर ओलं फडकं टाकून त्यावर हा लगदा थापायच्या आणि टोपल्या करायच्या; वाळली की फडक्यासकट भांड्यावरून निघते. मुलांना थापायला फार आवडतं, हात भरवू दे.

रंगांसाठी दुकानात जायच्या आधी ओट्याकडे बघ. कॉफीच्या फिल्टरमध्ये उरलेल्या पुडीवर पुन्हा गरम पाणी ओत, ते दुसरं डिकॉक्शन म्हणजे तपकिरी रंग. एक हात दिला की फिका, वाळल्यावर त्यावर दुसरा दिला की गडद. एकाच रंगात उजेड आणि सावली कशी आणायची ते मूल यावर शिकतं. उरलेला चोथा उन्हात पूर्ण वाळवून खळीत कालव, झाडाचं खोड आणि जमीन करायला खरखरीत लेप मिळतो. ओला ठेवलास तर दोनतीन दिवसांत बुरशी.

हळदीचं पाणी कागदावर फिरवून वाळव आणि मुलांच्या हातात साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी दे. रेघ लाल उमटते. लिंबू फिरवलं की परत पिवळी. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट निळा डाग पडतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी. गोकर्णाच्या फुलाचा निळाही लिंबानं जांभळा होतो. कांद्याच्या सालांच्या काढ्याचा सोनेरी तपकिरी येतो. काळा हवा असेल तर गंजके खिळे व्हिनेगरमध्ये चारसहा दिवस ठेवायचे आणि ते पाणी चहाच्या कडक काढ्यात थोडंथोडं घालायचं; हे तुझं काम, मुलांचं नाही. रंग कागदाला धरावा म्हणून रात्रभर भिजवलेला बाभळीचा डिंक चमचाभर घाल. हळद आणि जास्वंद उन्हात लवकर उडतात, हे मुलांना आधीच सांग, म्हणजे चित्र भिंतीवर उन्हात लावायचं की वहीत ठेवायचं ते तेच ठरवतील.

ब्रशऐवजी नारळाच्या शेंडीचा झुबका काडीला बांधून दे. ठशांसाठी भेंडीचा बुडखा, केळीच्या दांड्याचा काप, आणि वरचा कागद काढलेला लाटांचा पुठ्ठा. ठसे जुन्या कन्नड वर्तमानपत्रावर उमटवले तर दुहेरी काम होतं. माझी नात अक्षरं वाचायला तिथंच शिकली, ठसा कुठल्या अक्षरावर पडला ते सांगता सांगता.

कापडाच्या बाहुलीला सुई लागत नाही. हातरुमालाएवढा चौकोन, मधोमध चिंध्यांची गोळी, गळ्याशी दोरा. दोन विरुद्ध कोपऱ्यांना गाठी मारल्या की हात. तोंड लगेच काढू देऊ नकोस. एक दिवस बाहुली नुसती सांभाळली की मूलच सांगतं ती हसते आहे की रुसली आहे, मग काढायचं. शिवण शिकवायची ती गोणपाटावर आणि बोथट दाभणानं. भोकं दिसतात, बोटाला टोचत नाही, चूक झाली की उसवता येतं.

बाहेर फिरायला नेशील तेव्हा पिशवी बरोबर असू दे. इथल्या रस्त्यांवर गुलमोहराच्या लांब शेंगा, जॅकरंडाच्या चपट्या लाकडी शेंगा, रेन ट्रीच्या चिकट शेंगा पडलेल्या असतात. पडलेलं उचलायचं, झाडाचं तोडायचं नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, बैलाच्या देवळाच्या रस्त्यावर शेंगांचे ढीगच ढीग. मुलांना जरूर ने, शेंगा मनसोक्त खाऊ दे, टरफलं घरी आण. सबंध राहिलेलं टरफल बोटाच्या टोकावर बसतं, त्यावर पेनानं डोळे काढले की पाच बोटांचं नाटक सुरू. अर्धी टरफलं पाण्यात होड्या होतात.

काही वस्तू खोक्यात कधीच येऊ नयेत. खेळण्यातले आणि रिमोटमधले बटण सेल मुलानं गिळले तर जीवावर बेततं, ते वेगळे काढून बंद डब्यात, कपाटाच्या वर. लहान चुंबकं तशीच. फुग्याचे तुकडे, फिनेल किंवा कीटकनाशकाच्या बाटल्या, औषधाची वापरलेली पाकिटं, पत्र्याच्या डब्यांची कापलेली तोंडं, फुटकी काच, नाही म्हणजे नाही. धाकटीच्या हातात मणी, चिंचोके, राजमा देऊन स्वयंपाकघरात जाऊ नकोस. चिंचोका नाकात जायला क्षण लागतो. आणि चांगलं धान्य खेळायला देऊ नये. कीड लागलेलं असेल तर चालेल.

मुलांजवळ कसं बसायचं हे मी तारा मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामावरून शिकले. 1945 साली बोर्डीत त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची विलायती साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, माती घेतली आणि त्यांतूनच मोजणं, लावणं, जुळवणं शिकवलं. ते काम पुढे कोसबाडला वाढलं. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की वस्तू मुलाच्या हातात आधी येते आणि तिचं काय करायचं हे नंतर. तू आधी फोनवर चित्र दाखवलंस, 'आज आपण घुबड करू या', की मूल तुझं घुबड करतं आणि ते तसं दिसत नाही म्हणून रडतं. झाकणं, काड्या आणि ट्यूब समोर ठेव, एक जोड दाखव आणि आपलं काही तरी शिवत शेजारी बस. काय केलंस, असं विचारू नकोस. हे इथं कसं बसवलंस, असं विचार. त्यावर ते अर्धा तास बोलेल.

दिवाळीच्या किल्ल्याचं तू खास विचारलं आहेस. बंगळुरात किल्ला करायला संकोच कसला? 1638 मध्ये विजापूरकरांनी हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवराय लहानपणी काही काळ इथं होते. आमच्या मल्लेश्वरमचं नाव ज्यावरून पडलं त्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे. किल्ला करायच्या आधीच्या रविवारी मुलांना के. आर. मार्केटजवळच्या जुन्या किल्ल्यावर घेऊन जा. केंपेगौडांचा मातीचा कोट हैदर अलीनं 1761 मध्ये दगडाचा केला, त्यातला दिल्ली दरवाजा आज उभा आहे. शनिवारवाड्यालाही दिल्ली दरवाजाच आहे, तो त्यांनी पाहिलेला आहे, त्याच्यावरचे खिळेही. बुरूज गोल का, दरवाज्यासमोर वाट सरळ का येत नाही, हे तिथं उभं राहून बघू दे. मग घरी आल्यावर त्यांना सांगावं लागत नाही.

बाल्कनीत सांगाडा खोक्यांचा आणि भाजीच्या क्रेटचा कर. खोकी उघडलेल्या दुधाच्या पिशव्यांनी झाक. पिशव्या मुलं मोठ्या टाक्यांनी जोडतील. फटींत वर्तमानपत्राचे बोळे. वर जुनी सुती चादर, लाल मातीच्या पातळ चिखलात बुडवून, पिळून, चुण्या पाडत टाकलेली. त्या चुण्या म्हणजेच डोंगराचे कडे. वर मातीचा हलका थर पुरे. गच्चीवर जाशील तरी विटा चढवू नकोस, वजन होतं आणि शेजाऱ्यांची छतं गळतात. पाण्याच्या जाळीवर आधी कापड बांध, नाहीतर सगळी माती पाइपात. आणि इथं दिवाळीत पाऊस येतोच. किल्ला छताखालच्या कोपऱ्यात कर, वाऱ्याची दिशा बघून. बुरुजांना पालथ्या करवंट्या, वरून मातीचा हात. मावळे आईस्क्रीमच्या काड्यांचे, चिंध्यांची पागोटी, दोऱ्यानं गुंडाळलेली.

उतारावर हिरवळ अळिवाचीच. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या मातीलाही धरून राहतो. मोहरी घरंगळून खाली जमते. इथं दसऱ्याला शेजारी गोंबे मांडतात, त्यांच्या बाहुल्यांपुढच्या बागेला नाचणी किंवा मोहरी लावतात, कारण त्यांची बाग सपाट ताटात असते. तुझ्या मुलांना दोन्ही दाखव. वसुबारसेच्या पाचसहा दिवस आधी पेर, पाणी फवाऱ्यानं मार, ओतू नकोस.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मुलांनीच सोडवायचा. आधी फोटो, मग मावळे डब्यात, माती आणि मुळांचा गालिचा कुंड्यांत, चादर धुऊन पुन्हा घडी, पिशव्यांचे टाके उसवून सुक्या कचऱ्यात, कोरडी राहिलेली खोकी वेगळी बांधून गाडीत. धाकटी रडेल. तिला एक बुरूज ठेवू दे.

पेरणीचं एक सांगायचं राहिलं: अळीव इथल्या किराणा दुकानात अळ्वी म्हणून माग. बी जुनं असलं तर उगवत नाही, म्हणून आणल्याबरोबर चिमूटभर ओल्या फडक्यावर टाकून बघ. दोनतीन दिवसांत मोड आले तर तेच पेर, नाही आले तर दुसऱ्या दुकानातलं आण. तेवढा वेळ हाताशी राहील अशा बेतानं आधीच बाजारात जा.